उत्स्योकी : दारात उभा झाडू

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या चौकात पानठेल्यावर उभा राहिलो की हल्ली एकच प्रश्न येतो. "गुरुजी, युरोप पाहून आले म्हणे. का पाह्यलं मंग?" मी म्हणतो, "बर्फ." समोरचा पुढच्या वाक्याची वाट पाहतो, मग तो "जबरदस्त है गुरुजी" म्हणून खर्रा घोटायला लागतो. पॅरिस नाही, लंडन नाही, गेलो ते थेट उत्स्योकीला. आता हे उत्स्योकी कोणाला नि कसं समजावायचं? नकाशात फिनलंड शोधा, बोट वर वर सरकवत न्या, देश संपला की थांबा. ते उत्स्योकी. त्याच्या पुढे एक नदी आणि नदीपलीकडे नॉर्वे.

मी तिथं बर्फ पाहायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. माझी एकुलती एक लेक सुजाता तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सेवाघरात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तिची आई, माझी बायको विमल, तीन दिवसांच्या दुखण्यात गेली. सुजाता आली नाही. मयतीला नाही, जलदानविधीला नाही, त्यानंतरही नाही. बर्फानं रस्ता बंद आहे, एवढंच फोनवर म्हणाली. परक्यांच्या आयांना घास भरवणारी माझी पोरगी स्वतःच्या आईला शेवटचं पाहायला आली नाही, हे मला दोन वर्षं डाचत होतं. एकच प्रश्न विचारायला गेलो होतो, "काऊन आली नाई तू?" उत्तर पटलं तर ठीक. नाही पटलं तर आपल्याला लेक नव्हतीच असं समजून परत यायचं, असं ठरवून तिकीट काढलं होतं.

आमचं फोनवरचं बोलणं कसं होतं, तेही सांगायला हवं. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी उचलायचो आणि म्हणायचो, "हां, बरी आहेस? थांब, आईले देतो." विमलच्या हातात फोन दिला की मी अंगणात. तिकडे मायलेकी तासभर हसत. विमल गेल्यानंतर दुसऱ्या रविवारी फोन वाजला, मी उचलला आणि तोंडातून निघालं, "थांब, आईले देतो." त्यानंतरचे फोन दोन मिनिटांचे झाले. गोळ्या घेतल्या का, सिलिंडर आला का, झालं. या डिसेंबरात मात्र ती म्हणाली, "बाबा, एकदा येऊन जा." मीही लगेच हो म्हणालो, कारण प्रश्न तयारच होता.

बॅगेत चिन्नोर तांदूळ घेतला, लाखोळीची डाळ घेतली, आणि अगदी तळाशी एक डबा. विमलनं शेवटच्या हिवाळ्यात घातलेल्या कोहळ्याच्या वड्या त्यात होत्या. दोन वर्षं मी तो डबा उघडला नव्हता. सुजाताचं उत्तर पटलं तरच तो काढायचा, नाहीतर तसाच परत आणायचा. वय वाढलं की माणूस असा हट्टी होतो, दुसरं काय!

इवालो ते उत्स्योकी

विमानांचं वर्णन करत नाही. गोंदियाहून नागपूरला रेल्वेनं जाताना जसं बसायचं तसंच बसायचं, फक्त भाजलेले शेंगदाणे येत नाहीत. तीन विमानं बदलून इवालो नावाच्या चिमुकल्या विमानतळावर उतरलो. दाराबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस कडक झाले. उणे अठ्ठावीस होतं. आमच्या नागऱ्याच्या रस्त्यानं पहाटे सायकलनं जाताना लागणाऱ्या थंडीला मी जन्मभर थंडी म्हणत आलो, याची लाज वाटली.

जाड निळ्या कोटात सुजाता उभी होती. चेहरा तेवढा उघडा, आणि तो अगदी विमलचा. ती जवळ आली आणि म्हणाली, "टोपी खाली ओढा बाबा. कान जातीन." मी म्हणालो, "गाडी तुहीच आहे का?" चार वर्षांनी भेटलेल्या बापलेकीची ही पहिली दोन वाक्यं.

तिथून दोन तासांचा रस्ता. दुपारचे अडीच वाजले होते आणि दिवे लावून गाडी चालली होती. त्या दिवसांत तिथं सूर्य उगवतच नाही. भर दुपारी थोडा निळसर उजेड येतो, तोही तासा-दोन तासांत जातो. दोन्ही बाजूंना आधी पाइनचं जंगल, मग झाडं बुटकी होत गेली, आणि शेवटी माझ्या खांद्याएवढे बर्च उरले, सगळे वाकलेले. रस्त्यात मधोमध रेनडिअर उभे. आमच्याकडे कोहमाऱ्याच्या पुढे हायवेवर म्हशी बसतात, तसेच तेही हॉर्नला भीक घालत नव्हते. मला हसू आलं. सुजाताही हसली. पण दोघं एकमेकांकडे न बघता हसलो.

गाव, नदी आणि पूल

उत्स्योकी ही तालुक्यासारखी एक पालिका आहे. तिची जागा जवळपास आमच्या अख्ख्या गोंदिया जिल्ह्याएवढी, आठही तालुके धरून. आणि त्यात माणसं किती, तर आमच्या एका मध्यम खेड्याएवढी. हे ऐकल्यावर मी सुजाताला म्हणालो, "मंग बाकीच्या जागेत का आहे?" ती म्हणाली, "काहीच नाई. बर्फ, डोंगर, रेनडिअर." डोंगर म्हणजे आपल्यासारखे झाडांनी भरलेले नव्हेत. गोल, बोडके, पांढरे. गावात एक दुकान, एक शाळा, एक चर्च, दवाखाना, आणि नदीच्या काठानं लांब लांब टाकलेली लाकडी घरं. एका घरातून दुसऱ्या घरात हाक पोचणार नाही, इतकं अंतर. तिथले मूळ लोक सामी. रेनडिअर पाळणारे, नदीतला मासा धरणारे. गेली काही वर्षं नदीतला सामन मासा कमी झाला म्हणून तो धरायला बंदी आहे, असं सुजाता म्हणाली.

त्या नदीचं नाव तेनो. हिवाळ्यात ती नदी आहे हे सांगावं लागतं, कारण दिसतं ते एक रुंद पांढरं मैदान. तिच्यावर मोठा पूल, आणि पुलापलीकडे नॉर्वे. दुसऱ्या दिवशी आम्ही चालत तिकडे गेलो. मी पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात घेतला होता. पूल संपला, तरी कोणी विचारेना. मी इकडेतिकडे पाहिलं. "बाबा, कोणी नाई राहत इथी तपासाले," सुजाता म्हणाली. आमच्याकडेही वाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश, सोयरिकी दोन्ही काठांना, त्यामुळे ते काही नवं नव्हतं. नवं हे, की पुलाच्या पलीकडे घड्याळ एक तास मागे असतं. सुजातानं मोबाइल दाखवला. आत्ता एक वाजला होता, आता बारा. मी तिथं उगाच दोनदा मागेपुढे झालो. एक तास मागे जाऊन माणसाला काही बदलता आलं असतं तर या पुलावर रांग लागली असती.

प्रश्न विचारायला तीच जागा होती. कोणी नव्हतं, ती शेजारी होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "भूक लागली." ती म्हणाली, "चला."

घरी तिनं मला मऊ मोजे दिले, गरम पाण्याची पिशवी दिली, रेनडिअरचं मटण आमच्या पद्धतीनं लसूण घालून शिजवलं. सगळं वेळच्या वेळी. सेवाघरातल्या म्हाताऱ्यांना ती अशीच सांभाळत असेल, असं वाटलं आणि घास कडू झाला. विमलचं नाव दोघांपैकी कोणीही काढलं नाही. भिंतीवर तिचा फोटोही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सुजाता म्हणाली, "बाबा, मले चार दिवस इवालोले जावं लागते. ट्रेनिंग आहे, टाळता नाई येत. बाजूची एल्ले रोज येऊन तुम्हाले पाहून जाईल. म्हातारी आहे, इंग्रजी बोलते. कुलूप लावू नका, इथी कोणी लावत नाई."

"मले कोणाची गरज नाही," मी म्हणालो. माझं तोंड हे असं आहे.

चार दिवस एकट्याचे

ती गेली आणि शांतता काय असते ते मला कळलं. कुडव्यात शांतता म्हटलं तरी कुठे मोटारसायकल, कुठे भोंगा, कुठे कुकरची शिट्टी. तिथं स्वतःच्या कानात रक्त वाहतं ते ऐकू यायचं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप मांडले, चहाचं पाणी ठेवलं आणि एल्लेची वाट पाहिली. अकरा वाजले, बारा वाजले. पाणी आटलं. परत ठेवलं. दुपारी उजेड गेला तेव्हा एक कप उचलून ठेवला.

हाताला काम हवं म्हणून बनियन धुतलं आणि बाहेर दोरीवर टाकलं. अर्ध्या तासानं आणायला गेलो तर पापड झालेलं. हातात धरलं तर बाह्या पसरून ताठ उभं! मला एकट्यालाच इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना. हे बनियन विमलला दाखवलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

दाराबाहेर लाकडी ओटा आणि दोन पायऱ्या होत्या. तिथं रोज बर्फ साचायचा. सुजाता असताना ती फावड्यानं सारायची, मला हात लावू देत नव्हती. ती गेली त्याच सकाळी मी लाकडांच्या शेडमध्ये शोधाशोध केली, तर ओंडक्यांच्या मागे एक लांब दांड्याचा झाडू पडलेला सापडला. आपला खराटाच तो, फक्त बर्चच्या काड्यांचा. उचलून आणला. रोज सकाळी ओटा साफ झाडायचा आणि झाला की झाडू दाराच्या चौकटीला टेकवून ताठ उभा करून आत यायचं, हा माझा नेम झाला.

झाडू उभा का, तर त्यालाही कारण आहे. आमच्या गावात शेजारच्या मालदार पवारांच्या घरी खराटा आडवा ठेवत, तोही नजरेआड. उभा ठेवला तर लक्ष्मी जाते म्हणत. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम हे केलं की खराटा उचलून दाराशी ताठ उभा केला. म्हणाला, "ह्या झाडूनं आपल्या पिढ्या वाकवल्या. आता हा आपल्या दारात उभा राहीन, आन् सारं गाव पाहीन." मी नंतर शिक्षक झालो, कुडव्यात घर बांधलं, पण झाडू दाराशी उभा, ही रीत मोडली नाही. मला तर ते घराच्या नावाच्या पाटीसारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. समोरच्या वळणावर एल्लेचं पिवळं घर दिसत होतं, खिडकीत दिवा होता, धुराड्यातून धूर निघत होता. कुडव्यात मी दोन दिवस दिसलो नाही तर लोक दार बडवून विचारतात, "गुरुजी, जित्ते आहा का?" इथं? मेलो असतो तर सुजाता परत येईपर्यंत कळलं नसतं. रेडिओ लावला. एक बाई फिनिशमध्ये बराच वेळ बोलली. एक अक्षर कळत नव्हतं तरी मी अधूनमधून "हो ना" म्हणत बसलो. आपण अशा जागी पोर पाठवली, तिनं चार हिवाळे इथं असे काढले, हा विचार पहिल्यांदा तेव्हा मनात आला. मी तो झटकला, कारण मला रागावायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डुलकी काढून उठलो आणि खिडकीतून खाली पाहिलं, तर ताज्या बर्फात खुणा. दोन बारीक समांतर रेघा आणि मध्ये पावलं. कोट चढवून बाहेर गेलो. एल्लेच्या घराकडून त्या खुणा आल्या होत्या, फाटकातून आत शिरून पायरीपर्यंत आल्या होत्या आणि तिथून वळून परत गेल्या होत्या. नीट पाहिलं तर कालच्या, अर्ध्या बुजलेल्या खुणाही दिसल्या. त्या लाकडांच्या शेडपर्यंतच होत्या. आणि फाटकाजवळ परवाच्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या. म्हणजे ही बाई रोज येत होती आणि दार न ठोठावता परत जात होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लहानपणी आमच्या अंगणापर्यंत येऊन, काम सांगून, पाण्याचा घोट न घेता परतणारी माणसं मी पाहिली आहेत. ती पावलं मी विसरलो नाही. पृथ्वीच्या या टोकाला येऊनही तेच? मी आत गेलो आणि बॅग भरायला घेतली. डबा हातात आला, तो पुन्हा तळाशी घातला. सुजाता आली की सांगायचं, मला लवकर परत पाठव. प्रश्नही विचारायचा नाही. ज्या मुलखात माणूस माणसाच्या दारातून परत जातो, तिथं राहून तीही तशीच झाली, यात विचारायचं काय?

एल्लेचं घर

चौथ्या दिवशी मी डुलकी काढली नाही. खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. साडेअकराला एल्ले आली. ठेंगणी, लाल टोपीची म्हातारी, खुर्चीला लांब लोखंडी पट्ट्या लावलेली घसरगाडी एका पायानं ढकलत. फाटकातून आत आली, शेड ओलांडली, पायरीशी थांबली. या वेळी तिनं एक पाय पायरीवर ठेवला. दाराकडे पाहिलं. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग पाय मागे घेतला आणि वळली.

मी मोज्यांवरच धावलो. दार ढकललं, झाडू धाडकन खाली पडला, माझा पाय घसरला आणि गुरुजी पायऱ्यांवरून थेट बर्फात! बसल्या बसल्या मी मराठीतच ओरडलो, "अवो बाई, कायले येता न् कायले जाता?"

ती गाडी टाकून आली. मला हाताला धरून उठवलं. तिच्या हातात भलतीच ताकद. माझ्या मोज्यांकडे पाहून तिनं मान हलवली, मला त्या घसरगाडीच्या खुर्चीवर बसवलं, आपली शाल माझ्या पायांवर टाकली आणि ढकलत आपल्या घरी नेलं. साठी उलटल्यावर एका म्हातारीनं मला असं गाडीवर बसवून नेलं, हे पानठेल्यावर अजून सांगितलेलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. तिनं कॉफी दिली. कॉफीत चीजचे तुकडे टाकले होते. मी पेल्यात पाहतच राहिलो, पण प्यालो, आणि दुसरा पेलाही मागितला. पूर्वी सामन धरायला येणाऱ्या परदेशी लोकांना ती खोली भाड्यानं द्यायची, त्यातून इंग्रजी शिकलेली. तिची इंग्रजी मोडकी, माझी शाळेतली. जमलं.

मी सरळ विचारलं, "तुम्ही चार दिवस दारातून परत का गेलात?"

ती चकित झाली. "तुम्हीच तर झाडू लावला होता."

मला कळेना. तिनं सावकाश सांगितलं. त्यांच्याकडे कुलपं नाहीत. माणूस बाहेर गेला की दाराशी झाडू किंवा काठी टेकवून जातो. येणाऱ्यानं ते पाहायचं आणि समजायचं, घरी कोणी नाही. मग आत पाऊल टाकायचं नाही. ही जुनी रीत, म्हातारी माणसं अजून पाळतात. "पण आत दिवा होता, धूर होता," मी म्हणालो. ती म्हणाली, "म्हणूनच. आत असून ज्यानं झाडू लावला, त्याला एकटं राहायचंय. तुमची बायको गेलीय, मला माहीत आहे. मला वाटलं, तुमच्या घरची रीतच ती."

"आमच्या घरची?"

एल्लेनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "तुमच्या मुलीनं लावला होता ना. आईची बातमी आली तेव्हा. आठ दिवस. कामालाही गेली नाही. मी रोज जायचे आणि झाडू पाहून परत यायचे. रीत म्हणजे रीत. पण ती आत रडत होती, मला पायरीवर ऐकू यायचं, आणि मी परत यायचे. ते मला अजून झोपू देत नाही. म्हणून या वेळी ठरवलं होतं, रोज थोडं पुढे जायचं. आज पायरीवर पाय ठेवला. उद्या दार वाजवलं असतं."

तो झाडू शेडमध्ये ओंडक्यांच्या मागे का टाकलेला होता, ते मला तेव्हा कळलं. आणि ज्या पावलांवर मी रात्रंदिवस जळलो, ती पावलं रोज माझ्याकडे चार पावलं जास्त येत होती. मला माझीच लाज वाटली.

सुजाता

संध्याकाळी पाचला सुजाता आली. मी ओट्यावरच उभा होतो, झाडू हातात घेऊन. तिनं गाडीतून उतरून आधी झाडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा कोठी भेटला तुम्हाले?"

"शेडात. चार दिवस दारात उभा केला होता. एल्ले रोज येऊन परत गेली."

ती पायरीवर बसली. उणे वीसमध्ये. मीही शेजारी बसलो. दोन वर्षं घासून ठेवलेला प्रश्न होता, पण तो विचारताना आवाज माझा नव्हता. "सुजू, काऊन आली नाई तू?"

तिनं बुटावरचा बर्फ झटकला. मग ती म्हणाली, "रस्ता तिसऱ्या दिवशी उघडला होता बाबा. मी बॅग भरून बसली होती."

"मंग?"

"तुम्ही फोनवर का म्हणाले होते, आठवते?"

मला आठवेना.

"तुम्ही म्हणाले, 'तुही आई गेली. आता येऊन का करशील?' आन् फोन ठेवला."

दवाखान्याचा तो लांब व्हरांडा माझ्या डोळ्यांपुढे आला. भिंतीला टेकून मी उभा होतो, हातात विमलच्या बांगड्यांची पुडी. हो, म्हणालो होतो. उशीर झाला पोरी, तुला ती आता दिसणार नाही, असं मला म्हणायचं होतं. रडू फुटेल म्हणून ठेवला फोन. ते वाक्य मी विसरून गेलो आणि माझी पोरगी दोन वर्षं ते घेऊन बसली.

"आठ दिवस वाट पाह्यली," ती म्हणाली. "वाटलं, तुम्ही फोन करसान, नुसतं 'ये' म्हणसान. आई नाई त् त्या घरी मी कोणाकडे येऊ? तुम्ही त् मले कधी बोललेच नाई. नेहमी 'थांब, आईले देतो.'"

बत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की चुकलं तर चुकलं म्हणावं. स्वतः कधी म्हणाल्याचं आठवत नाही. त्या पायरीवर म्हणालो, "चुकलं माह्यं."

"माह्यंही चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा का नका म्हणू, मी याले पाह्यजे होतं." आणि ती विमलसारखी रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मध्ये लोकरीची जाड टोपी होती, तरी ठेवला. मग मीही रडलो. तिकडे डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठतं. सुजातानंच हसत हसत हातमोज्यानं माझ्या पापण्या पुसल्या.

आत जाऊन मी बॅग उलटी केली आणि डबा तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडून नाक आत घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. वड्या दगड झाल्या होत्या. तासभर भिजवल्या, लाखोळीच्या डाळीत शिजवल्या, चिन्नोरचा भात केला. त्या भाताचा वास घरभर सुटल्यावर मी एल्लेला बोलवायला गेलो. तिच्या दाराशी झाडू नव्हता. ती आली, वडी चावून पाहिली, म्हणाली, "हे काय आहे?" सुजातानं सांगितलं, "माझ्या आईनं केलंय." तिच्या तोंडून 'आई' हा शब्द त्या घराच्या आत मी पहिल्यांदाच ऐकला.

उरलेले दिवस भराभर गेले. निघायच्या आदल्या दुपारी समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पिवळा उजेड पडला. सूर्य परत येऊ लागला होता, पण घरापर्यंत अजून पोचला नव्हता. आम्ही तिघं ओट्यावर उभे राहून त्या माथ्याकडे पाहत होतो. विमानतळावर सुजाताला म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत ये." ती म्हणाली, "येतो बाबा." ती आली तर खरं. तोवर मी कोणाला सांगत फिरणार नाही.

कुडवा

घरी आलो तेव्हा खराटा दाराशी उभाच होता. शेजारणीनं अंगण झाडून ठेवला असेल. मी तो उचलला आणि आवारातल्या कडुलिंबाला टेकवून ठेवला. उभाच ठेवला, आडवा नाही. फक्त दारापासून लांब. बाप असता तर मी त्याला समजावलं असतं, आणि त्याला कळलं असतं.

घर मात्र जसं होतं तसंच आहे. विमलची खाट, विमलचा कप, रविवारची लांबलचक सकाळ. तिकडची शांतता संपवता आली, इथली मला जन्मभर पुरणार, हे मला ठाऊक आहे.

पहिल्याच रविवारी फोन वाजला. मी उचलला. पलीकडून "बाबा?" आलं. तोंड उघडलं तर इतक्या वर्षांच्या सवयीनं "थांब" एवढं निघालंच. मी थांबलो. पलीकडे तीही थांबली. अंगणात जायला उठलो होतो, तो परत खुर्चीत बसलो.

"बोल बेटा," मी म्हणालो. "मी घरीच आहो."